पाळी लांबतेय, सोनोग्राफीत पीसीओडी, रक्तात थायरॉईड: आधी कशाचं बघायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाचीचा आहे, वय २३. तिला विचारूनच लिहितेय.

तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली ती कॉलेज संपेपर्यंत अगदी वेळेवर. गेल्या दीडेक वर्षात लांबायला लागली. आधी दीड महिना, मग दोन-अडीच महिने, आता गोळी घेतल्याशिवाय येतच नाही. आली की मात्र आठ-आठ दिवस थांबत नाही. वजन सात-आठ किलो वाढलं. सकाळी तोंड सुजल्यासारखं दिसतं, न्हाणीत केसांचे पुंजके. शहापुरात साड्यांच्या दुकानात कामाला आहे, तिथं दुपारी उभ्या उभ्या डोळे मिटतात म्हणते.

एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. दोन्ही अंडाशय मोठे, कडेनं बारीक बारीक फॉलिकल (अंड्याच्या पिशव्या), खाली ठळक अक्षरात 'पीसीओडी'. पाळी नियमित करायच्या गोळ्या दिल्या आणि वजन उतरवा म्हणाले. रक्ताचं काही सांगितलं नाही. शेजारच्या अक्का मागं लागल्या म्हणून आम्ही आपणहून रक्त दिलं. टीएसएच ३८.२, एफटी४ ०.५२, प्रोलॅक्टिन ३४.

आता घरात दोन पक्ष. वहिनी म्हणते पीसीओडीमुळंच थायरॉईड झालंय, तेव्हा मूळ धरा. भाऊ म्हणतो थायरॉईडची गोळी लागली की जन्माची लागते, तेव्हा लग्न ठरेपर्यंत तिचं नावच काढायचं नाही. खरं मला दोघांचंही पटत नाही. कोण कुणाचं मूळ? आणि कोल्हापूरला न्यावं का?

लॅबवाली (बेळगाव)

ताई, टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, थायरॉईड मंद पडली की ते वाढतं. एफटी४ म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन. रिपोर्टवर आकड्याशेजारी रेंज छापलेली असते ती सांगा. प्रत्येक मशीनची रेंज थोडी वेगळी असते, दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही.

आणि एक विचारते. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का?

मलप्रभाकाठ

टीएसएच ०.४ ते ४.२ आणि एफटी४ ०.८ ते १.८ असं छापलंय. बायोटिन घेत होती, पार्लरवालीनं दिलेलं. का हो?

लॅबवाली

आमच्याकडच्या पुष्कळ मशीनची पद्धतच बायोटिनवर चालते. बाहेरून बायोटिन पोटात गेलं की टीएसएच खोटा कमी येतो आणि एफटी४ खोटा जास्त. म्हणजे बायोटिननं चित्र बिघडलंच असेल तर ते बरं दिसण्याच्या बाजूला. तुमचा ३८ काही खोटा फुगलेला नाही. तरी पुढच्या वेळी रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा.

पाळीच्या गोळ्यांचंही लक्षात ठेवा. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळं रक्तातलं थायरॉक्सिन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, मग नुसतं टी३-टी४ केलं तर आकडे फसवतात. एफटी४ केलंत ते बरं झालं. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) करायचं असेल तर मात्र त्या गोळ्या चालू असताना करू नका. पैसे वाया.

ज्वारीची भाकरी (गोकाक)

घाबरू नका ताई. माझ्या धाकट्या जावेचं असंच होतं. रात्री धने भिजत घालून सकाळी ते पाणी उकळून द्या. आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव सुरू करा. कोबी, फ्लॉवर, मुळा बंद. सहा महिन्यांत फरक पडतो. इंग्लिश गोळ्या एकदा चिकटल्या की सुटत नाहीत.

जांबोटी घाट

मी डॉक्टर आहे, रोज हार्मोनचेच पेशंट बघतो. इथं कुणाला औषध लिहून देणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगता येईल.

पीसीओएस, म्हणजे रिपोर्टवर ज्याला पीसीओडी लिहितात ते, सोनोग्राफीच्या कागदावर ठरत नाही. २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत जे निकष ठरले तेच थोड्याफार फरकानं आजही चालतात. पाळी किंवा अंडं सुटणं अनियमित असणं हा एक. पुरुषी हार्मोन जास्त असणं हा दुसरा, म्हणजे हनुवटीवर-ओठावर राठ केस, हट्टी पुरळ, नाहीतर रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. आणि सोनोग्राफीतली तशी अंडाशयं हा तिसरा. तीनपैकी दोन हवेत. बहुतेक ठिकाणी हिशेब इथंच थांबतो. पण त्याच निकषांत एक अट आहे: हुबेहूब असंच चित्र उभं करणारे दुसरे आजार आधी वगळा. त्यांत पहिलं नाव थायरॉईडचं, मग प्रोलॅक्टिनचं, मग अॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात दोषाचं. टीएसएच ही पीसीओएस म्हणायच्या आधीची तपासणी आहे. तुमच्याकडे ती नंतर झाली, तीही शेजारच्या अक्कांच्या कृपेनं.

आता थायरॉईड मंद झाल्यावर अंडाशय का बिघडतं ते. थायरॉक्सिन कमी पडलं की मेंदूच्या तळातून टीआरएच नावाचं हार्मोन जास्त सुटतं. ते टीएसएच वाढवतंच, सोबत प्रोलॅक्टिनही वाढवतं. तुमचा ३४ बहुधा तिथून आलाय. प्रोलॅक्टिन वाढलं की अंडाशयाकडे जाणारे मेंदूचे इशारे मंदावतात, अंडं सुटत नाही, पाळी लांबते. दुसरीकडे यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवायला लागतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवायचं काम या प्रथिनाचं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. अंडं न सुटल्यानं अर्धवट वाढलेले फॉलिकल साठत जातात, अंडाशय फुगतं, आणि सोनोग्राफीवाला प्रामाणिकपणे त्याला दिसलं ते लिहितो.

हे कुठवर जाऊ शकतं त्याचं उदाहरण फार जुनं आहे. व्हॅन विक आणि ग्रुमबाख यांनी १९६० साली लहान मुलींमधला एक प्रकार नोंदवला. थायरॉईड बराच काळ बंद पडल्यासारखी, पाळी मात्र वेळेआधीच सुरू. अशा मुलींच्या अंडाशयात मोठमोठ्या गाठी सापडतात आणि नुसतं थायरॉक्सिन दिल्यावर त्या विरतात. ऑपरेशन लागत नाही. पोटात गाठ दिसली की टीएसएच न करता टेबलावर घ्यायची घाई का नको, ते यावरून कळावं.

मला दोन गोष्टी सांगा. भाचीच्या हनुवटीवर, छातीवर राठ केस आहेत का? मानेच्या मागं किंवा काखेत काळी, मखमलीसारखी कातडी?

मलप्रभाकाठ

केस नाहीत. पुरळही नाही. मान स्वच्छ. उलट कातडी कोरडी पडलीय, टाचा फुटल्यात, आणि खानापूरच्या पावसात सगळे पंखा लावून बसलेले असतात तेव्हा ही स्वेटर घालते. पोट साफ होत नाही.

जांबोटी घाट

मग हे सगळं एकाच बाजूला बोट दाखवतंय. इतकी वर्षं नियमित असलेली पाळी अचानक बिघडली, आली की जास्त जाते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, केस सगळीकडून गळतात. पीसीओएसचा नेहमीचा इतिहास वेगळा असतो. तिथं पाळी बहुधा पहिल्यापासूनच मागंपुढं असते आणि केसांची तक्रार दुहेरी: डोक्यावर मधोमध विरळ, हनुवटीवर नको तिथं दाट.

तिला 'पीसीओएस नाहीच' असं मी इथून म्हणणार नाही. आज ते म्हणताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. टीएसएच जागेवर येऊ दे, मग पुन्हा बघा. त्याआधी चिकटवलेलं लेबल कच्चं समजा. सध्याच्या गोळ्यांवर येते ती गोळीची पाळी, त्यावरून अंडं सुटतंय का ते कळणार नाही. गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या ते ज्यांनी दिल्यात त्यांना हा रिपोर्ट दाखवून विचारा, मनानं बंद करू नका.

तंबाखूगाव (निपाणी)

मला दोन्ही आहेत, खरं तुमच्या भाचीसारखं नाही. म्हणून लिहितो.

नववीत होतो तेव्हापासून हनुवटीवर केस. थ्रेडिंगवाली म्हणायची, लग्न झालं की जातात. पाळी वर्षातून चार-पाच वेळा, तीही मनात आलं तर. मान काळी पडलेली, आई मळ समजून दर रविवारी वजरीनं घासायची. कातडी सोलून निघायची, काळेपणा तसाच. ते इन्सुलिनचं लक्षण असतंय हे मला तिशीत कळलं. तेव्हाच रक्तात टीएसएच ७ च्या वर निघाला, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरोधी अँटीबॉडी) भरपूर वाढलेलं. गोळी सुरू झाली. टीएसएच २ वर आला.

मी मनात म्हटलं, चला, सुटलो. कुठलं काय! अंगातला जडपणा गेला, पोट सुधारलं, दुपारची झोप गेली. केस आणि पाळी मात्र तिथल्या तिथं. मग डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं, ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकीच्या औषधानं दुसरी जायची नाही. पीसीओएससाठी मेटफॉर्मिन, जेवणात भात कमी, संध्याकाळी चालणं, केसांसाठी वेगळे उपचार. पाळी दोन-अडीच महिन्यांपलीकडं गेली की आणायची गोळी, कारण फार दिवस गर्भाशयाचं अस्तर तसंच साठू देणं बरं नाही म्हणाल्या.

दोन वर्षं मी एका दवाखान्यात थायरॉईड आणि दुसऱ्या दवाखान्यात पाळी असं फिरत होतो. इथल्या चिठ्ठीत तिथलं काही नाही, तिथल्या चिठ्ठीत इथलं नाही. एकीकडं लोहाची गोळी सकाळी घ्या म्हणून लिहिलेलं, दुसरीकडं थायरॉईडची सकाळीच. मी दोन्ही एका घोटात घेत होतो. टीएसएच परत चढला, डोस वाढवला, तरी चढला.

लॅबवाली

तंबाखूगाव अक्का, तुमचं शेवटचं वाक्य मला लॅबच्या भिंतीवर लावायचंय. रोज बघते. बाई म्हणते गोळी घेते, आकडा म्हणतो घेत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. दवाखान्यात कानडीत 'खाली होट्ट्याग' (उपाशीपोटी) म्हणून सांगतात, आपण मान हलवतो, घरी येऊन चहा-खारी झाल्यावर आठवण होते. चहा-कॉफीनं ती नीट शोषली जात नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यापासून चार तास लांब. गोळ्या मूळ बाटलीत, झाकण लावून ठेवा, चुलीवरच्या फळीवर नकोत, उष्णतेनं आणि दमटपणानं ताकद जाते.

आणि दर पंधरा दिवसांनी टीएसएच करायला येऊ नका. थायरॉक्सिन रक्तात अर्ध्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे. त्याआधी केलेली तपासणी आमच्या गल्ल्यात जाते.

जांबोटी घाट

तंबाखूगाव यांनी नेमकं लिहिलंय. मलप्रभाताईंच्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, पण थोडं सविस्तर.

पीसीओएस असणाऱ्या बायकांत थायरॉईडवर शरीरानंच हल्ला करणारा प्रकार, म्हणजे हाशिमोटोचा आजार, जास्त सापडतो हे खरं. जर्मनीत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीसीओएसच्या साधारण २७ टक्के बायकांत थायरॉईडविरोधी अँटीबॉडी निघाल्या, पीसीओएस नसलेल्यांत ८ टक्क्यांच्या आसपास. फरक मोठा आहे. का, याबद्दल अंदाज आहेत. अंडं सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही, आणि प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसला की प्रतिकारशक्ती उधळते असं काहींना वाटतं. काहीजण समान जनुकांकडे बघतात. सिद्ध काही नाही. दोघी वारंवार एकत्र भेटतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

शिवाय दोन्ही आजार इतके सर्रास आहेत की नुसत्या योगायोगानंही एका बाईत भेटतील. भारतातल्या ८ शहरांत झालेली आणि २०१३ साली छापून आलेली पाहणी आहे, तिच्यात प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांत हायपोथायरॉइडिझम (मंद थायरॉईड) होता, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. पीसीओएसचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज बाळंतपणाच्या वयातल्या बायकांपैकी १० ते १३ टक्के. घाला गुणाकार.

तेव्हा तीन प्रकारच्या बायका दिसतात. एक, जिचं सगळं थायरॉईडमुळं आहे आणि पीसीओएस नुसतं भासतंय. दुसरी, तंबाखूगावसारखी, जिला दोन्ही खरोखर आहेत. तिसरी जिला पीसीओएस आहे आणि टीएसएच जरासा वर आहे, आणि तिला सगळा दोष थायरॉईडवर टाकायचाय. तिसऱ्या प्रकाराशी माझी सर्वांत जास्त हुज्जत होते.

सदाशिवनगर

डॉक्टर, ती तिसरी मीच. टीएसएच ५.४, एफटी४ नॉर्मल. पीसीओएस कॉलेजपासून. वजन ८४. बहिणीनं सांगितलं की थायरॉईडची २५ ची गोळी सुरू कर, वजन झरझर उतरेल. घ्यायची का?

जांबोटी घाट

आधी दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, सोबत अँटी-टीपीओ एकदाच. असा सौम्य वाढलेला टीएसएच बऱ्याचदा आपोआप खाली येतो. आजारपणातून उठल्यावरही तो वर दिसतो. आणि एक गोष्ट लोकांना आवडत नाही: वजन जास्त असणं हेच टीएसएच थोडा वर ठेवतं. वजन उतरलं की तो उतरतो. म्हणजे तुमच्या बाबतीत बाण उलट्या दिशेनं असू शकतो.

थायरॉक्सिन हे वजनाचं औषध नाही. गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त घेतलं तर छातीत धडधड, हात थरथरणं, पुढं हाडं ठिसूळ. बहिणीच्या बाटलीतली गोळी बहिणीसाठी आहे.

बाळाचा विचार असेल तर मात्र हिशेब वेगळा. तेव्हा ५.४ ला आम्ही हलक्यात घेत नाही. गोळी चालू असलेल्या बाईचा टीएसएच गर्भधारणेआधी २.५ च्या खाली असावा असं बघतो, आणि दिवस गेले की गरज साधारण पाव पट ते तिसरा हिस्सा वाढते. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवायचं.

सदाशिवनगर

विचार आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. म्हणूनच जीव वरखाली होतोय.

जांबोटी घाट

मग स्त्रीरोगतज्ज्ञांना टीएसएच दाखवूनच पुढचं ठरवा. पीसीओएसमध्ये अंडं सुटायला आता पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला असते, आणि पुष्कळ बायकांना त्यावर दिवस जातात. वजन पाच टक्के उतरलं तरी काहींची पाळी सुधारते. ८४ चे पाच टक्के म्हणजे चार किलोच्या आसपास. वीस किलोचा डोंगर डोळ्यांसमोर ठेवू नका. यजमानांची तपासणी झालीय का? ती विसरतात सगळे.

सदाशिवनगर

नाही झाली. आज रात्री विषय काढते.

ज्वारीची भाकरी

माझ्या सैंधव मिठाबद्दल कुणी बोललंच नाही.

लॅबवाली

अक्का, बोलायचं राहिलं होतं ते मुद्दाम.

थायरॉक्सिन बनतं आयोडीनपासून. आपला हा पट्टा समुद्रापासून लांब, वर धो धो पाऊस, जुन्या बायकांच्या गळ्याला गलगंड असायचा ते आमच्या आज्जीच्या तोंडी होतं. २००९ साली बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास छापून आला, त्यातही गलगंड सापडलाच होता. देशात गलगंडाचा कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे, २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे, आणि घरी येणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५) आयोडीन असावं असा नियम आहे. इतकं सगळं झाल्यावर आपण सैंधव घेऊन उलट दिशेनं का चालायचं? चवीला कधीतरी चाटावर टाकायचं तर टाका. घरातलं रोजचं मीठ ते नको, पोटुशी बाई असेल त्या घरात तर मुळीच नको.

कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या मापात खाल्ला तर काही होत नाही. कच्च्या कोबीचा रस पिणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

जांबोटी घाट

याच्या उलट टोकही धरू नका. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या कॅप्सुल वगैरे ऑनलाइन मागवू नका. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात आता सर्वांत जास्त आढळणारं कारण हाशिमोटोच आहे, आणि जास्तीच्या आयोडीननं ते चिघळू शकतं.

धन्याचं पाणी प्या हवं तर. ३८ चा टीएसएच त्यानं उतरणार नाही.

ज्वारीची भाकरी

बरं. जावेचा टीएसएच किती होता तेच मला माहीत नाही म्हणा. विचारतो.

आशा चिकोडी

मी आशा कार्यकर्ती आहे. कोल्हापूरला न्यावं का म्हणून विचारलंय त्यावर. आमच्याकडच्या बऱ्याच बायका मनाच्या समाधानासाठी कोल्हापूर-मिरजेला जातात, दोनदा जातात आणि तिसऱ्यांदा पैशापायी थांबतात. या आजाराला मोठा दवाखाना लागत नाही, परत परत जाणं लागतंय. आपल्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे खरं ती राज्याच्या हद्दीत. कोल्हापूरच्या गाडीला तिकीट पडतं. बेळगावात तज्ज्ञ आहेत, सरकारी आणि खाजगी दोन्ही. जिथं दर दोन महिन्यांनी सहज जाता येईल तिथला एक डॉक्टर धरा आणि दोन्ही रिपोर्ट त्यांच्याच टेबलावर ठेवा. जनऔषधी दुकानातही विचारा, थायरॉक्सिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही स्वस्त औषधं आहेत. कंपनी मात्र सारखी बदलू नका, बदलली तर डॉक्टरांना सांगा.

आमच्या लोहाच्या गोळ्या आम्ही जेवल्यावर घ्या म्हणूनच सांगतो, तंबाखूगाव अक्का.

हुक्केरीचे मास्तर

मलप्रभाताई, भावाला माझा निरोप द्या. मीही मुलीचा बाप आहे. माझ्या मुलीची गोळी लग्नाआधी दोन वर्षं चालू होती. स्थळाला सांगितलं. एक स्थळ गेलं. दुसऱ्यानं विचारलं, किती एमसीजी? त्याची आई तीच गोळी घेत होती.

गोळी न घेता लग्न लावून दिलं असतं तर सासरी पहिल्या सहा महिन्यांत मुलगी दिवसा झोपते, कामाला जड आहे, अंगानं सुटली म्हणून बोलणी खाल्ली असती. वर मूल होत नाही म्हणून. ते सगळं एका पांढऱ्या गोळीसाठी?

तंबाखूगाव

मास्तर, शंभर टक्के.

नागरगाळी

माझी मुलगी १४ ची. पाळी येऊन दोन वर्षं झाली, अजून मागंपुढं. पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली तर त्यात पीसीओडी लिहून आलं. हा धागा वाचून धडकी भरली.

जांबोटी घाट

धडकी नको. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवूच नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, २०२३ च्या सुधारित आवृत्तीतही तेच. त्या वयात भरपूर फॉलिकल दिसणं स्वाभाविक असतं. एएमएच नावाची महाग तपासणीही या वयात निदानासाठी चालत नाही. पाळी ४५ दिवसांपेक्षा सारखी लांबत असेल, एकदा जरी तीन महिने आली नसेल, उंची खुंटली असेल किंवा अभ्यासात अचानक मंदपणा आला असेल तर टीएसएच करा. नाहीतर पोटदुखीचं बघा.

मलप्रभाकाठ

मंडळी, बरेच दिवसांनी आले. पाऊस, गणपती, लावणी-भांगलण सगळं मध्ये गेलं. पण सांगायचं राहू नये.

बेळगावातच एक डॉक्टर धरले, हार्मोनचे. त्यांनी थायरॉईडची गोळी सुरू केली, अँटी-टीपीओ करायला लावलं, ते खूप वाढलेलं निघालं. पाळीच्या गोळ्या त्यांनी आणि आधीच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून थांबवल्या. आपसात बोलले हेच मला मोठं वाटलं. पहिल्या दोन महिन्यांनी टीएसएच ११ वर, डोस वाढवला, आता ४.६. प्रोलॅक्टिन १३. लागोपाठ दोन पाळ्या गोळीशिवाय आल्या, पाच दिवसांत थांबल्या. तोंडाची सूज गेली. वजन मात्र तीनच किलो उतरलं, त्यावर ती नाराज आहे.

भाऊ अजून 'जन्माची गोळी' म्हणून कुरकुरतो, पण बाटली संपत आली की तोच खडेबाजारातून आणतो.

आता विचारायचंय ते असं. सोनोग्राफी परत कधी करायची? आणि पुढचं रक्त देताना त्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही?

जांबोटी घाट

वाचून बरं वाटलं. वजनाचं तिला सांगा, थायरॉईडमुळं वाढतं त्यातला बराचसा भाग अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतं, ते गेलं. उरलेलं जेवण आणि चालण्यानंच जाईल, गोळीकडून अपेक्षा नको.

सोनोग्राफीची घाई नाही. टीएसएच नीट जागेवर येऊन काही महिने टिकू दे. तोवर पाळी नियमित राहिली आणि केस-पुरळ काही नसलं तर कदाचित लागणारही नाही. पण टीएसएच ठीक असूनही पाळी पुन्हा लांबली, तर मात्र पीसीओएसचा विचार नव्यानं करावा लागेल, तेव्हा टेस्टोस्टेरॉन आणि साखरही बघतील.

लॅबवाली

गोळी सोबत घेऊन जायची, रक्त दिल्यावर घ्यायची. टीएसएचला फरक पडत नाही, पण आधी घेतली तर एफटी४ थोडा चढा दिसतो. आणि पार्लरवालीचं बायोटिन?

मलप्रभाकाठ

कधीच बंद. गोळी पिशवीत घालून देते.